उंदरांची डोकी धरणाऱ्या यंत्राची लाज

मित्रांनो, मी एक जुना धातूचा सांगाडा आहे. कागदोपत्री माझं नाव स्टिरिओटॅक्सिक यंत्र. प्रयोगशाळेत सगळे नुसतं 'स्टिरिओ' म्हणतात, पण गाणं मला एकही येत नाही. माझं काम उंदराचं डोकं धरून ठेवायचं. भूल दिलेल्या उंदराला माझ्यावर पालथं निजवतात, त्याच्या कानांत माझ्या दोन बोथट कांड्या बसवतात, पुढचे दात एका पट्टीत अडकवतात, की झालं! डोकं तसूभरही हलत नाही. मग माझे स्क्रू फिरवत मेंदूत हव्या त्या जागी केसासारखी सुई उतरवायची आणि औषधाचा थेंब सोडायचा.

ज्या कारागिरानं मला घडवलं, तो मला पेटीत भरताना म्हणाला होता, "याची सुई चुकली तर मिशी उतरवीन!" त्याची मिशी शाबूत असणार. सुई कधी चुकली नाही. या गोष्टीची मला भारी घमेंड होती, आणि आज ती आठवली की कुठे तोंड लपवू असं होतं.

माझ्यावर काम करायच्या त्या आमच्या ताई. मेंदूतल्या आठवणींवर त्यांचं संशोधन चाललं होतं. "हिच्या हाताला गुण आहे," असं प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, सगळ्यांना सांगायचे. प्रयोग जमला की ताईंची नोकरी कायम होणार होती.

आता एक गोष्ट नीट ऐका. भुलीत उंदराचे डोळे उघडेच राहतात. पापणी लवत नाही. म्हणून डोळ्यांत मलम घालायचं, नाहीतर दिव्याखाली बुबुळं सुकतात. त्या दिवशी मलमाची नळी संपली होती आणि नवी खालच्या मजल्यावर होती. म्हणजे हातमोजे काढा, जिना उतरा, वर या, पुन्हा हात धुवा.

"अगं, डोळ्यांचं काय?" ताईंच्या मैत्रिणीनं विचारलं. ती शेजारच्या टेबलावर काम करायची.

"आत्ता उरकतं गं!" ताई म्हणाल्या.

कसलं उरकतंय! एकामागून एक उंदीर येत राहिले. मिऱ्यांसारखे काळेभोर डोळे माझ्यासमोर निस्तेज होत गेले. सुई मात्र अगदी जागच्या जागी उतरली.

उंदीर बरे झाल्यावर त्यांची परीक्षा झाली. शेजारच्या खोलीत पाण्याचा गोल हौद आहे. त्यात पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असतो. भिंतीवरच्या खुणा बघत बघत, आधी शिकलेली वाट आठवून उंदरानं तो गाठायचा. ताईंचे उंदीर नुसते भरकटत राहिले. सर तर माझ्या खोलीत येऊन आनंदानं टाळ्याच वाजवायला लागले. "औषधानं आठवण पुसली! हेच तर दाखवायचं होतं आपल्याला! आणि हा आमचा म्हातारा बघा, काय नेम आहे!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी फुगून गेलो.

मग एक दिवस टाके बघायला म्हणून ताईंनी त्यातला एक उंदीर माझ्या दिव्याखाली धरला. बुबुळं दुधासारखी पांढरी झाली होती. ताईंनी डोळ्यांसमोर बोट हलवलं. उंदीर ढिम्म. बोट मिशांना लागलं तेव्हा कुठे तो दचकला. दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांचं तेच. ताई मैत्रिणीकडे वळल्या.

"अगं, हे काही विसरले नव्हते. यांना दिसतच नव्हतं!"

"हळू बोल," मैत्रीण म्हणाली. "सर खूश आहेत, नोकरी तोंडाशी आलीय. कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

माझी तर पाचावर धारण बसली. माझ्या नावाचा केवढा गाजावाजा झाला होता! आता तो सगळा फुकट जाणार. काय चाटायचाय असला नेम!

दुसऱ्या दिवशी ताईंनी सरांना या खोलीत बोलावलं. मान वर न करता सगळं सांगितलं. "निकाल रद्द करा, सर. माझी नोकरी राहिली नाही तरी चालेल."

सर म्हणाले, "ते बघू. डोळे बरे होतील का त्यांचे? डॉक्टरांना दाखवलंस?"

"सर, मी... हे माझ्या मनातच आलं नाही," ताई म्हणाल्या.

माझ्याही आलं नव्हतं, मित्रांनो. ताई निकालाचं घेऊन बसल्या होत्या, मी माझ्या नावाचं.

प्राण्यांचे डॉक्टर आले. एकेक उंदीर उचलून त्यांनी नीट पाहिला. "लगेच दाखवले असते तर काही डोळे वाचले असते," एवढंच म्हणाले. त्यावर ताई हुंदके देऊन रडल्या. त्यांची नोकरी लांबणीवर पडली, आणि ताईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता नवीन यंत्र आलंय आणि मी कपाटावर धूळ खात पडलोय. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तुम्हाला एकच विनवणी करतो. ज्याला आपण हलूसुद्धा देत नाही, त्याचं सगळं आपल्यालाच बघावं लागतं. आपलं काम किती चोख झालं ते मागाहून विचारा. त्याला काय होतंय ते आधी विचारा. ते उंदीर आंधळे होऊन कितीतरी दिवस आमच्या डोळ्यांसमोर वावरत होते, आणि आम्ही त्यांच्या चुका मोजून टाळ्या वाजवत होतो.