घरची भाषा

साळू दीड वर्षाची असताना बोलायला लागली, आणि त्यानंतर गप्प म्हणून बसली नाही. खरं नाव वेगळंच, कागदोपत्री चांगलं चार अक्षरी. पण दिवसभर साळुंकीसारखी कलकल चालायची, म्हणून आजोबांनी साळू म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. जेवताना बोलायची, अंघोळ करताना बोलायची, झोपेत कुणाशी तरी भांडायची. तिची आई चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचं काम करायची. कधी पोरीला बरोबर न्यावं लागलं, की साळू स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची चौकशी करायची. "तुला दिसत नाही? मग तू इथे आलास कसा?" मालक म्हणायचे, हिलाच पगार सुरू करतो, गिऱ्हाईक हिच्यासाठी थांबतं.

हे आधी सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणी तरी म्हणायचं, पोर मुळातच मुखदुर्बळ होती. नव्हती. तिला गप्प केलं, आणि तेही चांगल्या शिकल्यासवरलेल्या, तिच्यावर जीव टाकणाऱ्या आईबापांनी.

साळूचा बाबा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता. कंपनीनं त्याला परदेशी पाठवायचं ठरवलं. तिथे दोन वर्षं, मग तिथून तिसऱ्याच देशात. म्हणजे पोरीनं तिथली भाषा शिकायची आणि ती जिभेवर बसते न बसते तोच आपण सामान बांधायचं. "त्यापेक्षा पहिल्यापासून इंग्रजी बालवाडी बघू," तो म्हणाला. "पुढे कुठेही गेलो तरी अडणार नाही." यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. घोळ झाला तो मोठ्या दिरांच्या सल्ल्यानं.

साळूच्या आईचे हे मोठे दीर पंधरा वर्षं परदेशात. त्यांना सगळं माहीत असायचं. नसलं तरी ते सांगायचे. फोनवर म्हणाले, "इंग्रजी बालवाड्या मूठभर आणि रांग ही एवढी. फॉर्मवर 'घरची भाषा' असा एक रकाना असतो. तिथे मराठी लिहिलंत की तुमचा कागद गेला तळाला. सरळ इंग्रजी लिहा. आणि आजपासून घरात इंग्रजीच बोला, म्हणजे खोटं लिहिल्याची टोचणीही नको." साळूच्या बाबाला हे फारच पटलं. आधी खोटं लिहायचं आणि मग घाम गाळून ते खरं करून दाखवायचं, यात त्याला मोठा प्रामाणिकपणा दिसला.

निघायच्या दोन महिने आधीपासून घरात मराठी बंद झाली. दोघांचं इंग्रजी कसलं, तर बाबाचं मशीनच्या माहितीपुस्तकातलं आणि आईचं बिलावरचं. बाबा पोरीला म्हणायचा, "प्लीज प्रोसीड टू बाथरूम." आईची तर वेगळीच पंचाईत. तिला इंग्रजीत रागावता येईना आणि लाडही करता येईनात. सोन्या, गधडे, माझी बाय, सगळं घशाशी येऊन परत खाली जायचं. उरायचं काय, तर गुड आणि नो.

आणि साळू मराठीत बोलली तर? त्याचंही औषध दिरांकडे होतं. उत्तरच द्यायचं नाही. आपल्याला ऐकूच आलं नाही असं वागायचं, पोर आपोआप वळते.

"आई, पाणी दे."

आई भाजी चिरत राहायची.

"आई, पाणी. आई, मी काय म्हणते? आई, तुला ऐकू येत नाही?"

साळू पदर ओढायची, पाय आपटायची, शेवटी रडायची. हुंदके देत कधी तरी "वॉटर" म्हणायची, मग दोघं टाळ्या वाजवायचे. बाबाला वाटायचं, जमतंय. आई टाळ्या थांबवून पोरीचे डोळे पुसायची. पण पोरीच्या भल्यासाठी म्हटलं की आई काय काय गिळते, ते तिलाच माहीत. तिनं हेही गिळलं.

परदेशातलं घर कंपनीनं दिलेलं, चौथ्या मजल्यावर. चार ताटल्या, चार काटे, एकच धारदार सुरी, आणि नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं की नाही हे कुणाला विचारावं कळेना म्हणून तसंच ठेवलेलं. त्या प्लास्टिकवर साळू बसून राहायची. तोवर तिच्याजवळ चार शब्द उरले होते. वॉटर, टॉयलेट, येस आणि बाय. बाकी सगळं मानेनं आणि बोटानं. खालच्या बागेत मुलं खेळायची, पण ती तिथल्या भाषेत. साळू झोपाळ्याचा खांब धरून त्यांच्याकडे बघत उभी राहायची. पूर्वीची साळू असती तर तिनं पाच मिनिटांत त्या मुलांना मराठीत कामाला लावलं असतं.

"आत साठतंय तिच्या," बाबा म्हणायचा. "एकदम बोलायला लागेल बघ."

"अरे, पण ती आता रडतसुद्धा नाही," आई म्हणायची.

"शहाणी झाली."

बालवाड्यांची यादी सातची होती. आईनं बसचा नकाशा पाठ केला, पोरीला कडेवर मारली आणि एकेक दार वाजवलं. पहिलीनं सांगितलं, दोन वर्षांनी या. दुसरी बंद होऊन तिथे फरश्यांचं दुकान झालं होतं. तिसरीत फक्त सकाळचे दोन तास आणि यायला-जायला तीन. चौथी, पाचवी, सहावी, सगळीकडे हसून नकार. दारातून हसून परत पाठवलं की अंगावर ओरडल्यापेक्षा जास्त लागतं, हे तिला तिथे कळलं. सातवीनं मात्र बोलावलं. फॉर्म वाचलाय, म्हणाले. मुलीला घेऊन या, तासभर इतर मुलांत खेळू दे, आम्ही नुसतं बघू.

आईनं या सातवीवर सगळा जीव लावला. हीही गेली तर पोर आणखी वर्षभर त्या प्लास्टिकवर बसणार. आणि आता तिला पोरीच्या इंग्रजीची काळजी राहिलीच नव्हती. घरातल्या शांततेची तिला भीती वाटायला लागली होती. तिथे मुलं असतील, गाणी असतील, कुणी तरी हिला बोलकी करील, एवढंच तिला हवं होतं.

बसमध्ये तिनं साळूला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानात नीट सांगितलं. आज मराठी नाही. अगदी एकही शब्द नाही. कुणीही काहीही विचारलं तरी नाही. मग शाळा. सांगताना इंग्रजी अपुरं पडलं, तेव्हा तिनं पोरीच्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं. साळूनं खूप गंभीरपणे मान डोलावली.

वर्ग बघून मात्र साळूचे डोळे चमकले, हे आईनं स्वतः पाहिलं. गुडघ्याएवढी बेसिनं, भिंतीवर खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीच्या वर एकेक चित्र: छत्री, मासा, चाक, नाशपती. जमिनीवर लाकडी ठोकळ्यांचा ढीग. आईला कोपऱ्यात मुलांच्याच खुर्चीवर बसवलं होतं, गुडघे हनुवटीला लागत होते. साळू ठोकळ्यांपाशी बसली आणि बांधायला लागली. भिंती, दार, आत एक जिना. तिच्याशेजारी एक मुलगी भोकाड पसरून आपल्या कुठल्याशा भाषेत काहीबाही सांगत होती, आणि एक तरुण बाई फतकल मारून तिच्यापुढे बसल्या होत्या. साळूनं आपल्या हातातला ठोकळा त्या मुलीला देऊन टाकला. आईला वाटलं, किती गुणी माझं लेकरू. आणि खोटं कशाला बोला, मनात हेही येऊन गेलं की या रडकीला काही घेत नाहीत, तेवढी आपली एक जागा वाढली.

बाईंनी साळूला नाव विचारलं. रंग विचारला. काय बांधतेस विचारलं. साळूनं बोट दाखवलं, मान हलवली, तोंड उघडलं नाही. तास संपला.

बालवाडीच्या मोठ्या बाई आपल्या खोलीत बसल्या होत्या, समोर फॉर्म. साळूला त्यांनी खडू आणि कागद दिला. आवाज मऊ होता आणि त्या समजेल असं सावकाश इंग्रजी बोलत होत्या.

"घरी ही वाक्यं बोलते?"

"बोलते," आई म्हणाली.

"आजच्यासारखी गप्प कधीपासून?"

बाईंच्या चष्म्याचा डावा स्क्रू ढिला होता आणि काच जराशी खाली उतरली होती. दोन मिनिटांचं काम. आई त्या स्क्रूकडेच बघत राहिली.

"तुमच्या घरी फक्त इंग्रजी बोलतात, असं इथे आहे," बाई म्हणाल्या. "जन्मापासून एकच भाषा ऐकणारं साडेतीन वर्षांचं मूल एका तासात एक शब्द बोलत नसेल, तर आम्हाला आधी तपासणी सांगावी लागते. कान, वाचा, बुद्धीची वाढ. रिपोर्टशिवाय प्रवेश देता येत नाही. आणि तपासणीला नंबर लागायला इथे साधारण एक वर्ष जातं. मला वाईट वाटतं." मग समजूत घालावी तशा म्हणाल्या, "घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांचं वेगळं असतं. ती सहा-सहा महिने बोलत नाहीत, आम्ही चिंता करत नाही. त्यांचा वेगळा वर्ग आहे. मघाशी ती मुलगी रडत होती ना, तिला घेतलं आम्ही. अजून एक जागा आहे त्यात."

आईनं खुर्ची पुढे ओढली. मग तिनं लाज सोडली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं ओकून टाकलं: फॉर्म खोटा आहे, आमची भाषा मराठी, आम्हीच ती बंद केली, पोर घरी नुसती बडबड करायची. असं का लिहिलंत, बाईंनी विचारलं. आता मोठ्या दिरांना इंग्रजीत नुसतं ब्रदर-इन-लॉ म्हणतात. त्या तीन शब्दांत त्यांचा तोरा आणि आपला मूर्खपणा कसा बसवायचा? ती म्हणाली, "चूक झाली."

बाई रागावल्या नाहीत. घड्याळ पाहिलं. बाहेर पुढचं कुटुंब येऊन बसलं होतं. "हिच्याशी माझ्यासमोर तुमच्या भाषेत बोला," त्या म्हणाल्या. "ती एक वाक्य बोलली तरी पुरे. मला कळायची गरज नाही. बोलते एवढं दिसलं की मी फॉर्म बदलून घेते आणि त्या वर्गात नाव घालते."

आई खुर्चीवरून उतरून साळूपुढे गुडघ्यांवर बसली.

"साळू. ए सोन्या." पाच महिन्यांनी ते शब्द तोंडातून निघाले. "काय बांधलंस गं मघाशी? घर होतं ना? जिना कुणासाठी केलास? सांग ना आईला."

साळूचा खडू थांबला. तिनं आईकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे, मग पुन्हा आईकडे. ओठ घट्ट मिटले.

"बोल गं राणी. मराठीतच बोल. आई रागावणार नाही. पाणी हवंय? नुसतं पाणी दे म्हण."

साळूनं नाही म्हणून मान हलवली. गाल फुगवून तिनं ओठ आणखी आवळले, पार पांढरे होईपर्यंत. आईचा आवाज चढला. तिनं पोरीचे दोन्ही दंड धरले. "साळू, अगं तोंड उघड. पाया पडते तुझ्या, एक शब्द बोल." साळूच्या डोळ्यांत पाणी तरारलं, खाली ओघळलं, तोंड उघडलं नाही.

"पुरे आता, घाबरलीय ती," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी फॉर्मच्या खाली दोन ओळी लिहिल्या, दवाखान्याचा पत्ता असलेला कागद आईच्या हातात दिला आणि त्या दार उघडायला उठल्या. पुढचं कुटुंब आत आलं.

फाटकाबाहेर एक बुटका कठडा होता. आई त्याच्यावर बसली. समोरून बस गेली, तिनं हात केला नाही. साळू तिच्याशेजारी चढून बसली. मागे वळून तिनं फाटक बंद आहे ना ते बघितलं. मग आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, तू मला फसवत होतीस ना?"

स्पष्ट, खणखणीत, अख्खं वाक्य. आईनं मान वळवली.

"पण मी नाही फसले," साळू म्हणाली. "तू किती किती विचारलंस, तरी मी एकपण शब्द नाही बोलले. रडूपण आलं, तरी नाही." तिचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "आता मिळाली ना मला शाळा?"

आईनं फाटकाकडे पाहिलं. धावत जाऊन बेल दाबावी असं तिला वाटलं. पण बाईंच्या समोरच्या खुर्चीत एव्हाना दुसरं मूल बसलं होतं, आणि नेलं असतं तरी त्या खोलीत पाऊल ठेवताच साळूनं पुन्हा ओठ मिटले असते. तिला तसंच शिकवलं होतं आणि ती चांगली शिकली होती.

"आई, मिळाली ना?"

"हो," आई म्हणाली. "मिळाली."

मग साळू बोलत सुटली. पाच महिन्यांचं बोलायचं राहिलं होतं. त्या मुलीला मी माझा ठोकळा दिला, ती उद्या पण रडेल का, मी तिला सांगेन की रडू नको. बेसिन माझ्याएवढंच आहे. बाईंचा चष्मा वाकडा आहे, तू नीट करून दे. माझ्या खुंटीवर मासा नको, मला छत्री पाहिजे, तू सांगशील ना त्यांना? दुसरी बस आली, गेली. आई हातातल्या कागदाची घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

"आणि उद्या मला लवकर उठव हं, आई," साळू म्हणाली.