सहा आकड्यांना रकाना नाही

सोमवार, तेवीस मार्च. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर सूचना उमटली : वर्षभर वापर नसल्याने हे खाते आठ दिवसांनी काढून टाकले जाईल.

मित्रांनो, मी निपाणीजवळच्या एका गावातल्या सरकारी मराठी शाळेचा स्मार्ट बोर्ड आहे. मला पुरती तीन वर्षंही झालेली नाहीत, तरी मी जुना झालो. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात माझी नोंद आहे. डेडस्टॉक म्हणजे मेलेला साठा. चालत्या यंत्राला हे नाव देणाऱ्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

पहिलं वर्ष मी खोक्यात काढलं. फुटू नये म्हणून. मग रचना बाई आल्या. अतिथी शिक्षिका, म्हणजे वर्षापुरत्या. त्यांनी मला इंटरनेटला जोडलं. तयार धडे पुष्कळ सापडले, पण ते कन्नडमधले किंवा इंग्रजीतले. मराठीतले होते ते महाराष्ट्राच्या पुस्तकावरचे, आणि आमच्या मुलांचं पुस्तक मराठी असलं तरी कर्नाटकचं. एकही धडा जुळेना. तेव्हा बाई म्हणाल्या, आपले धडे आपणच करू.

मुलांनी घरच्या माणसांचे आवाज फोनवर टिपून आणले. बाईंनी वेबवर वर्गाचं पान तयार केलं. शब्दाला बोट लावलं की आवाज यायचा. पान कुलूपबंद होतं. मुलांचे आवाज भलत्याच्या हाती जाऊ नयेत, हे बाईंचं बरोबरच होतं.

अक्षराने आपल्या आजीचा आवाज आणला. सोनुबाई चाळीस वर्षं विड्या वळत आलेली. "पान आदी भिजवून घ्याचं," ती माझ्यातून सांगायची, "वाळल्यालं पान लई हट्टी असतंय, तुमच्यागत." मुलं हसायची आणि पुन्हा लावायची. एका बंडलात पंचवीस विड्या, तर हजार विड्यांची बंडलं किती? पुस्तकातला भागाकार ज्यांना वर्षभर आला नव्हता, त्यांना तो त्या आवाजावर आला. मागच्या बाकावर दडणारी अक्षरा पुढे येऊन माझ्यावर बोटानं गणित मांडू लागली. सोनुबाई एकदा शाळेत आली, स्वतःचा आवाज ऐकला आणि म्हणाली, "मला मास्तरीण केलीसा व्हय गं?"

गेल्या मार्चअखेर बाईंची मुदत संपली. चार्ज देताना, म्हणजे कारभार सोपवताना, यादी झाली : बाक चौदा, कपाटं दोन, खडूचे खोके पाच, स्मार्ट बोर्ड एक, रिमोट एक. बाईंनी विनंती केली की वर्गाच्या खात्याचीही नोंद घ्या. त्या खात्याचा नंबर बाईंनी शाळेसाठी घेतलेल्या सिमचा होता. मुख्याध्यापक महादेव सर म्हणाले, "बाई, वस्तू दाखवा, लिवतो."

वस्तू दाखवता आली नाही. रकाना नव्हता. सिम पुढे बंद पडलं. बाईंच्या जागी कुणी आलं नाही. माझ्यावर फुलाफुलांचं मेणकापड चढलं, आणि ते वर्षभरात एकदाच निघालं, याच सोमवारी, साठा तपासायला. मी चालतो का, एवढंच पाहायचं होतं. मी चाललो. मुलं वर्षभर फळ्यावरचं वहीत उतरवत बसली होती, हे तपासायला रकाना नव्हता.

दरम्यान दिवाळीत सोनुबाईच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. फोनवरचा केव्हाच पुसला गेला; तो आता फक्त त्या पानावर आहे.

सूचना पाहून अक्षरा धावत सरांकडे गेली. सरांनी बाईंना फोन लावला. पासवर्ड बाईंना आठवत होता, पण त्यानंतर सहा आकड्यांचा ओटीपी हवा, आणि तो जुन्या नंबरावर जातो. तो नंबर आता गदगकडच्या एका ट्रकचालकाचा आहे. सरांनी वरच्या कार्यालयाला कळवलं. बुधवारी उत्तर आलं : डेडस्टॉकमधील नोंदीची प्रत जोडावी. ज्याची नोंद घ्यायलाच नकार दिला, त्याच्या नोंदीची प्रत.

आज सरांनी वर्गातच ट्रकचालकाला फोन लावला. तो कन्नडमध्ये म्हणाला, ओटीपी मागणारे सगळे मास्तरच असतात. त्याचं काय चुकलं? मग अक्षराने फोन हातात घेतला. तिच्या कन्नडचा अर्थ असा : "अण्णा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे आम्हालाही शाळेतच शिकवलंय. पण माझ्या आजीचा आवाज त्याच्या मागं अडकलाय."

 मग तो म्हणाला, माल उतरवतो, विचार करतो, फोन करतो.

मित्रांनो, मला झाकू नका, मी वापरून झिजलो तर बिघडत नाही. आणि पुढच्या वेळी चार्जची यादी कराल, तेव्हा बाक आणि खडू यांच्याखाली एक ओळ वाढवा. मुलांनी काय केलं, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे.

शुक्रवार, सत्तावीस मार्च, दुपारचे पावणेचार. सोनुबाई पहिल्या बाकावर बसली आहे. मघाशी उठून तिनं पदरानं माझी काच पुसली. पडद्यावर सहा रिकामे चौकोन आहेत, त्यांच्याखाली : शिल्लक दिवस ४. फोन अजून आलेला नाही.