सहादूच्या मागची जागा

मी सायकल बोलतेय. साधी नव्हे, बॅटरीवरची. माझं पायडल मारलं की मागून कुणीतरी हळूच ढकलावं तशी मी पुढे सरकते. पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास दचकून मागे बघतो. सहादूनेही बघितलं होतं.

माझ्यासारख्या चाळीस जणी एका टेम्पोतून सातपूरच्या एका कंपनीत उतरलो. कामगारांसाठी नवी योजना निघाली होती. ज्याला रोज सायकलवर कामाला यायचं असेल, त्याला कंपनी सायकल देणार. पगारातून दरमहा थोडं कापलं जाणार, तीन वर्षांनी सायकल कायमची त्याची. मध्येच नको झाली, तर परत करायची. हे सगळं बघायच्या दीपमाला मॅडम. त्यांनी माझ्या हँडलला सहादूच्या नावाची चिठ्ठी बांधली.

सहादू पॅकिंग खात्यातला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, बोलणं कमी. सही करताना तो म्हणाला, "मॅडम, हिला मागं कॅरिअर बसवून मिळंल का?"

"अहो सहादूभाऊ, ही एकट्याने बसायची सायकल आहे."

"एकटा नाय ना मी. आमची मंडळी असती संगं, आनंदवल्लीपातूर."

मॅडम हसल्या आणि दुसऱ्या दिवशी मला भक्कम कॅरिअर लागलं.

सहादूचं घर मखमलाबादच्या शिवारात. दोन बिघे रान, त्यात शेवंती आणि झेंडू. पहाटे फुलं तोडून झाली की त्याची बायको गोजराबाई पाटी मांडीवर घेऊन माझ्यावर बसायची. दोन्ही पाय डाव्या अंगाला, एक हात सीटच्या स्प्रिंगवर. पाटाच्या मोरीवरून, म्हणजे कालव्यावरच्या लहानशा पुलावरून, मग चांदशीवरून आम्ही आनंदवल्लीला यायचो. तिथे गणपतीच्या देवळाबाहेर ती हार विकायची. खाली उतरताना रोज एकच वाक्य, "सावकाश जावा बरं का, अहो." मग सहादू एकटा पुढे सातपूरला.

माझ्या हँडलवर एक इवलासा पडदा आहे. बॅटरी किती उरली, ते त्यावर पाच काड्यांत दिसतं. दोघं बसले की आनंदवल्लीपर्यंत दोन काड्या संपायच्या. सहादू एकटा असला तर एकच. वजन मला कळतं. नुसतं वजनच नाही, बसण्याची रीतही कळते. कोण अवघडून बसलंय, कोण पेंगतंय, कोण मनातल्या मनात रडतंय, ते सगळं माझ्या मागच्या चाकाला समजतं.

दीड वर्ष असं गेलं. गेल्या कार्तिकात गोजराबाईला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी ओट्यावर उभी होते. माणसं आली, गेली. माझ्यावर धूळ बसली.

चौदाव्या दिवशी सहादूने मला पुसलं आणि कामाला निघाला. सकाळचे सहा वाजले असतील. धुकं इतकं, की पुढचं चाक दिसेना. पाटाच्या मोरीवर आलो आणि माझं मागचं चाक दबलं.

कुणीतरी कॅरिअरवर बसलं होतं.

सहादूने पायडल थांबवलं, पण मागे बघितलं नाही. आनंदवल्लीला येऊन त्याने पडद्याकडे पाहिलं. दोन काड्या गेल्या होत्या. त्याच्या ओठांवर कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"गोजरा," तो हळूच म्हणाला, "आलीस व्हय?"

आनंदवल्लीला कुणी उतरलं नाही. थेट कंपनीच्या गेटपर्यंत ते ओझं माझ्यावर होतं. संध्याकाळी परतताना ते पुन्हा आलं आणि मोरीवर उतरून गेलं.

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. सहादू वाटेत बोलायचा. रानातलं, पोरीचं, साहेबांचं. ऊन असलं तर म्हणायचा, "पदर घे डोक्यावर." रस्त्यावरची माणसं वळून बघायची. काड्या जास्त जातात म्हणून कंपनीच्या मिस्त्रीने माझी बॅटरी तपासली. ती ठणठणीत होती.

पण मला एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं. ती गोजराबाई नव्हती.

हे जे कोणी होतं, ते सरळ बसायचं, दोन्ही बाजूंना पाय सोडून. बांगडीचा आवाज नाही. खड्ड्यातून गेलं तरी सावरणं नाही. जिवंत माणूस श्वास घेतो तेव्हा वजन किंचित वरखाली होतं. हे वजन तसं हलत नव्हतं. आणि दर आठवड्याला ते थोडं थोडं वाढत होतं. पौष उजाडेपर्यंत आनंदवल्लीलाच तीन काड्या जायला लागल्या.

सहादू मोरीवर थांबू लागला. आधी दोन मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. मला कठड्याला टेकवून पाण्याकडे बघत बसायचा. गेटवर उशिराचा शेरा पडू लागला. दीपमाला मॅडमनी बोलावून विचारलं, "सहादूभाऊ, तब्येत बरी आहे ना?" तो म्हणाला, "बरी हाय की. वाटंत जरा बसतो आम्ही." मॅडमनी 'आम्ही' ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही.

त्याची मुलगी मनीषा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एका सकाळी तिची बस चुकली. "आबा, मला गंगापूर रोडला सोडा, पेपर आहे माझा."

सहादू माझ्यावर बसला होता. मागे न बघता म्हणाला, "जागा नाय."

मनीषा रिकाम्या कॅरिअरकडे बघत राहिली आणि आम्ही निघून गेलो. त्या दिवशी ती पेपरला अर्धा तास उशिरा पोचली, असं नंतर ती आजीला सांगताना मी ऐकलं. आजी म्हणजे सहादूची आई, आक्काबाई. म्हातारी म्हणाली, "त्याला एकटा सोडू नगंस गं बाई. पाटाला पाणी सोडलंय."

दुसऱ्या दिवशी सहादू निघाला, तशी मनीषा न विचारता माझ्या कॅरिअरवर बसली.

"ऊठ, मने. तुझ्या आईची जागा हाय ती."

"असू दे. आई असली तर मला मांडीवर घेईल की."

आम्ही निघालो. मोरीवर धुकं होतं आणि खाली पाट काठोकाठ भरून वाहत होता, जराही आवाज न करता. मी आतून गार पडले. ते आलं. मागे बसायला जागा नव्हती. मग त्याने माझं हँडल धरलं. सहादूचे हात होते त्यांच्याच वर. माझं पुढचं चाक हळूहळू पाण्याकडे वळलं. त्या बाजूचा कठडा तुटलेला होता. सहादू ब्रेक लावत नव्हता. त्याचे डोळे उघडे होते.

मनीषाने दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि वडिलांना पाठीमागून मिठी मारली. चप्पल घासली, तिची टाच सोलली. मी थांबले तेव्हा माझं अर्धं चाक पाण्यावर होतं.

"आबा," ती धापा टाकत म्हणाली, "आई कशी बसायची?"

"डाव्या अंगाला."

"आणि ही?"

सहादू म्हणाला, "ही नीट बसती. सरळ. गड्यासारखी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पैल्या दिसापासनं."

"मग आबा, का?"

सहादूने हँडल सोडलं आणि रस्त्यावरच खाली बसला. "घरी रिकामं, रानात रिकामं. मागं कुनीतरी बसलंय, एवढंच बरं वाटायचं गं. कोण हाय, ते मी इचारलंच नाय."

मग तो रडला. बायको गेली तेव्हा न रडलेलं सगळं त्या मोरीवर रडला. मनीषा त्याच्या शेजारी धुळीत बसून राहिली. ऊन वर आलं, धुकं फाटलं. माझ्यावर कुणाचंच ओझं नव्हतं.

सहादूने मला ढकलत, पायी चालत सातपूरला आणलं आणि परत केलं. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं, 'आता बसने येईन.' हल्ली तो मनीषाबरोबर बसने येतो म्हणे. ती गंगापूर रोडला आधी उतरते आणि खिडकीतून त्याला सांगते, "आबा, डबा खा बरं का." त्याच्या अंगावर थोडं मांस आलंय. कंपनीत मी उभी असते त्या शेडजवळून जाताना तो मान खाली घालतो. मला त्याचा राग येत नाही.

काल दीपमाला मॅडमनी माझ्या हँडलला नवी चिठ्ठी बांधली. झुंबर नावाचा माणूस आहे, येवल्याकडून नुकताच आलेला, भाड्याच्या खोलीत एकटाच राहणारा. उद्यापासून तो मला नेणार.

झुंबरभाऊ, तुम्हाला एक विनवणी आहे. त्याआधी खरं काय ते सांगते. इतके महिने ओझं वाहिल्यावर रिकामं कॅरिअर मलाही सोसवत नाही. कुणीतरी बसावं असं वाटतं. कोणीही. हे वाटणं चांगलं नाही, हे मला मोरीवर कळलं, तरी ते जात नाही. म्हणून सांगते, मागे एखादा मित्र बसवा, शेजारचं पोर बसवा, नाहीतर भाजीची पिशवी तरी बांधा. जागा मोकळी ठेवू नका.

आणि वाटेत माझं मागचं चाक आपोआप दबलं, तर लगेच पायडल मारू नका. आधी उतरा, मागे वळा आणि तोंड बघून घ्या.