तीन घरं खाली

दचकू नका, पेटीच बोलते आहे. भाता कुणी हलवलेला नाही, तरी बोलते आहे. दुसऱ्यानं बोट ठेवलं की तोंड उघडायचं, असंच आयुष्य काढलं. आता पुरे झालं. माझा केसानं गळा कापला गेला आहे, आणि कापणारा तोच माणूस आहे जो एकोणीस वर्षं दर गुरुवारी मला मऊ फडक्यानं पुसत होता.

माझा जन्म नागपूरचा. सागवानी अंग, पितळी सूर आणि उजव्या कडेला एक छोटी कळ. ही कळ नीट लक्षात घ्या, सगळी गोष्ट तिच्यापायीच घडली. गाणारे लोक आपला गळा पेटीच्या पट्टीवरून सांगतात. कुणी म्हणतं, माझी काळी एक, कुणी म्हणतं, माझी पांढरी पाच. साध्या पेटीत पट्टी बदलली की वाजवणाऱ्याला बोटंही बदलावी लागतात. माझं तसं नाही. ती कळ उचलून सरकवली की माझ्या सगळ्या पट्ट्या एक घर, म्हणजे शेजारच्या सुराएवढ्या, सरकतात. बोटं होती तिथंच राहतात, सूर मात्र एक घर खाली उतरतो. पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. कारागिरानं ती वाजवणाऱ्याच्या सोयीसाठी बसवली. तिनं लपवाछपवी करता येईल हे त्या भल्या माणसाच्या मनातही आलं नसेल.

मला आणलं वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या गुंजारव संगीत मंडळानं. दर गुरुवारी दुपारी चार वाजता समाजभवनात सतरंजी अंथरायची, चहाचा थर्मास भिंतीला लावायचा आणि भजनं म्हणायची. गणपतीत गाणं, कोजागिरीला गाणं, कुणाच्या घरी बारसं असलं की पाळणा. मंडळ लहान होतं, पण ऐट मोठी. आर्वीपर्यंत बोलावणी यायची.

ती बोलावणी यायची सुमित्राबाईंमुळे. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणत. काय गळा होता! काळी चारमध्ये गायच्या आणि अंतऱ्याला वर गेल्या की माझे सूर अंगातल्या अंगात थरथरायचे. मला वाजवायचे अण्णाजी. आर्वीच्या एसटी डेपोत कंडक्टर होते. बोटं अशी हलकी की सूर कधी लागला आणि कधी सुटला ते मलाही कळू नये. ढोलकीवर कैलास. आणि दुसरी गाणारी मीराबाई. तिची पिठाची चक्की होती. चक्की बंद करून धावत यायची, तेव्हा भुवयांवर पीठ तसंच असायचं.

सुमित्राबाईंचा एक नियम होता. ज्याचा गळा वरच्या सुराला पोचत नाही त्यानं पुढची जागा सोडायची, मागं जाऊन बसायचं आणि झांज वाजवायची. तोंड बघून कुणाला सूट नाही.

चौदा वर्षांपूर्वी हा नियम मीराबाईवर आला. तिचा आवाज अंतऱ्यात फाटला. एकदा फाटला, पुढच्या गुरुवारी पुन्हा फाटला. बाईंनी गाणं थांबवलं.

"मीरा, आता मागं बस तू. झांज घे."

"बाई, पीठ बसलं व घशात. एक खेप अजून पाहू द्या न."

"नाई. नियम म्हंजे नियम."

मीराबाई उठली. तिनं पदरानं तोंड पुसलं, झांज घेतली आणि मागं भिंतीला टेकून बसली. तेव्हा अण्णाजींचा हात माझ्या कळीपासून वीतभर अंतरावर होता; तिचं काम मंडळात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. एक घर सरकवलं असतं तर मीराबाई पुढं राहिली असती. पण अण्णाजी माझ्या पट्ट्यांकडे पाहत राहिले. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मीसुद्धा बाईंच्या गळ्यावर भाळलेली होते ना!

पुढं चार वर्षांनी वेळ सुमित्राबाईंवर आली. वय कुणाला चुकलंय? एका गुरुवारी वरचा सूर त्यांच्या हातून निसटला. बाईंनी दोनदा खाकरून पाहिलं. "सर्दी झाली मले," त्या म्हणाल्या. सर्दीबिर्दी काही नव्हती. मागच्या ओळीत मीराबाई खाली मान घालून झांजेची दोरी नीट करत बसली.

पुढच्या गुरुवारी अण्णाजी अर्धा तास आधी आले. दार लोटून घेतलं. मला पुसलं आणि कळ उचलून एक घर खाली सरकवली. चार वाजता बाई आल्या. अण्णाजींचं बोट काळी चारवरच होतं, बाईंनी ते पाहिलं, आणि त्या गायल्या. असा सूर लागला की कैलास ढोलकी थांबवून "वा बाई!" म्हणाला.

"म्हनलं होतं न मी? सर्दीच होती," बाई म्हणाल्या, आणि लेकरागत हसल्या.

खरं सांगू? मला मजा वाटली. एवढं मोठं गुपित आणि ते फक्त माझ्या न् अण्णाजींच्या पोटात! झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मनात म्हटलं, किती भला माणूस आहे हा. म्हाताऱ्या गळ्याचा मान राखतो.

काही वर्षांनी अण्णाजी असेच लवकर आले आणि कळ दुसऱ्यांदा सरकली. कोरोनानंतर मंडळ पुन्हा सुरू झालं तेव्हा तिसऱ्यांदा. तीन घरं. काळी चारवरून मी पार पांढरी चारला येऊन टेकले. आणि बाई ज्याला त्याला ठणकावून सांगायच्या, "माही पट्टी काळी चार. जवानीत होती थेच आजबी हाय." हे ऐकताना अण्णाजी मान डोलवायचे.

गेल्या हिवाळ्यात वर्ध्यात भजन स्पर्धा ठरली. मंडळात गुंजन नावाची नवी मुलगी आली होती, बँकेत नोकरीला. गुणाची पोर. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती म्हणाली, आता सगळी मंडळं ट्रॅकवर गातात. बासरी, सतार, तबला, पेटी, सगळं आधीच भरलेलं असतं, आपण फक्त गायचं. कैलासला आवडलं, सगळ्यांनाच आवडलं. मला कुणी विचारलं नाही. ते असो.

"मोठ्या बाई, तुमची पट्टी कोणती? ट्रॅक त्या पट्टीत बनवावा लागेल," गुंजननं विचारलं.

"काळी चार!" बाई म्हणाल्या. "विचार अण्णाजीले."

गुंजननं अण्णाजींकडे पाहिलं. बाप्पा! तो क्षण मी विसरणार नाही. अण्णाजींचा तळवा माझ्या कळीवरच होता. मी आतून ओरडत होते, बोला हो, बोला! एकट्या गुंजनला बाहेर नेऊन सांगितलं असतं तरी भागलं असतं. अण्णाजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हाव. काळी चार," ते म्हणाले.

गुंजननं वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर तीन गुरुवार गेले. तीनही वेळा सराव माझ्यावरच झाला, कारण ट्रॅक पुण्याहून यायचा होता. तीनही वेळा बाई सुरेख गायल्या. तीनही वेळा अण्णाजी सगळ्यात शेवटी घरी गेले, मला पुसत बसले, पण तोंडातून शब्द नाही. आज सांगतील, उद्या सांगतील म्हणून मी वाट पाहिली. ट्रॅक आला तो स्पर्धेच्या दिवशी सकाळी. ऐकून पाहायलाही कुणाला फुरसत नव्हती.

आणि माझी गत काय केली माहीत आहे? गुंजन म्हणाली, "अण्णाजी, पेटी मंचावर ठेवू या, बरी दिसते. पण वाजवू नका. ट्रॅकमध्ये पेटी आहे." अण्णाजींनी माझ्या भात्याची खिट्टी लावून टाकली आणि बंद तोंडाच्या माझ्यावर बोटं नाचवायला लागले. शोभेची बाहुली केली माझी. एवढा अपमान माझा आलमारीतल्या उंदरांनीही केला नव्हता.

ट्रॅक सुरू झाला. पहिल्या सुरालाच बाई चपापल्या. तरी धीराच्या, ध्रुवपद ओढूनताणून म्हटलं. मग अंतरा आला, आणि वरच्या सुराला त्यांचा आवाज चिरला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा चिरला. माणूस साथीला असतं तर थांबलं असतं, सावरून घेतलं असतं. ट्रॅक कुणासाठी थांबतो? तो आपला पुढं चालला. भरल्या सभागृहात मोठ्या बाई तोंड उघडं ठेवून उभ्या, आवाज नाही. पुढच्या रांगेत त्यांच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या. एकीनं मान खाली घातली.

मी तरी काय करणार होते? भाता मोकळा असता तरी माझा सूर तीन घरं खाली होता. बोलले असते तर सगळा बेसूर झाला असता. तेवढ्यात मागून मीराबाईनं ती ओळ उचलली, खालच्या सप्तकात, साधीसुधी, आणि भजन कसंबसं शेवटाला नेलं. अण्णाजींची बोटं शेवटपर्यंत नाचत होती.

पुढच्या गुरुवारी सुमित्राबाई तीन वाजताच समाजभवनात आल्या. एकट्या. मला समोर ओढलं, काळी चारवर बोट ठेवलं आणि मोबाइलवर तो ट्रॅक लावला. माझा सूर एक, ट्रॅकचा दुसरा. बाई काही अडाणी नव्हत्या. त्यांनी मला आडवं-तिडवं चाचपलं. कळ सापडली. एक, दोन, तीन, मोजून घरं वर सरकवली, तेव्हा कुठं ट्रॅकचा आणि माझा सूर एक झाला. मग तिथंच बसून राहिल्या. रडल्या नाहीत.

चार वाजता सगळे जमले. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं.

"अण्णाजी, हे कवापासून करून राह्यले तुम्ही?"

अण्णाजींनी खालीच बसून घेतलं. "दहा वर्षं झाले, बाई. तुमचं मन मोडू नये म्हनून..."

"माह्यं मन राहू द्या. मीराच्या वक्ताले ही कळ होती का नव्हती पेटीले?"

"होती."

"मंग तिच्यासाठी काऊन नाई सरकवली?"

अण्णाजींनी पहिल्यांदाच खरं सांगितलं.

"तवा तुमचा धाक होता, बाई. तुम्ही मलेबी मागं बसवलं असतं."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या उठल्या, खुंटीवरची झांज काढली आणि मागच्या ओळीत मीराबाईपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मीराबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग सरकली आणि तिनं जागा करून दिली.

"बसा, बाई. झांज अशी नाई, सैल धरा जराशी."

अण्णाजी त्या दिवशी मला न पुसताच गेले. तेव्हापासून पाच गुरुवार झाले, फिरकले नाहीत. मला आलमारीत घातलं आहे आणि माझ्या डोक्यावर तो ट्रॅकचा स्पीकर. बाहेर भजन होतं, पण पुढची जागा रिकामी असते, तिथं बसायला कुणी धजत नाही. बाई आणि मीराबाई दोघी मागं बसून नुसती झांज वाजवतात. दोघींचेही गळे आजही गाणारे आहेत, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून बोलते आहे. अण्णाजी, मला तुमचा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. तुम्ही माझ्या तोंडून दहा वर्षं खोटं वदवलंत, आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझंच तोंड बांधलंत. पण कळ वाईट नाही हो. ती सरकवायलाच बसवली आहे. या गुरुवारी या. मला बाहेर काढा, सगळ्यांदेखत कळीवर हात ठेवा आणि आधी मीराबाईला विचारा, "बाई, आज तुमचा गळा कुठं लागतो?" ती सांगेल तिथं मला न्या, आणि कितवं घर ते मोठ्यानं बोलून दाखवा.