अर्ध्या सेंटीमीटरातली चतुराबाई

मित्रांनो, मला जुना म्हणा, म्हातारा म्हणा, पण डबडं म्हणू नका. मी घडीचा कॅमेरा आहे. मिटलो की कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा. बटण दाबलं की पोटातून काळा भाता बाहेर येतो आणि त्याच्या टोकाला माझं भिंग. जन्म जर्मनीत झाला, आणि कुणाकुणाच्या हातून फिरत तेव्हाच्या औरंगाबादच्या जुन्या बाजारात येऊन पडलो. तिथून चितेगावच्या काकासाहेबांनी मला उचललं. शेतकऱ्याच्या पोराच्या गळ्यात कॅमेरा! सगळं गाव बघायला लोटलं. पोळा असो की बारसं, माझ्याशिवाय पान हलत नसे.

लोक मला ‘सहा बाय नऊ’ म्हणत. म्हणजे माझी निगेटिव्ह सहा सेंटीमीटर उंच आणि नऊ सेंटीमीटर रुंद. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! खरं माप मीच सांगतो. उंची पाच पूर्णांक सात दशांश, रुंदी आठ पूर्णांक सात दशांश. आमच्या बिरादरीत हे असंच चालतं. कुणाची चौकट दोन-चार मिलीमीटर मोठी, कुणाची लहान, नाव मात्र सगळ्यांचं एकच. एवढ्याशानं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो, अन् तिथंच फसलो.

काकासाहेबांना एक धाकटी बहीण, चतुराबाई. तिला लासूर स्टेशनला दिली होती. वडील गेल्यावर तिनं हक्कसोड करून दिली, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावासाठी सोडला. आमच्याकडं पुष्कळ बहिणी सोडतात. त्याच संध्याकाळी घरासमोर सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं. चतुराबाई कडेला उभी राहिली. काकासाहेबांनी माझ्यातून नीट बघितलं, “चतुरा, जरा आत सरक,” म्हणाले आणि खटका दाबला. ती माझ्यात आली. पुरती आली, देवाशपथ!

रोल शहरातल्या एका स्टुडिओत धुवायला गेला. तिथल्या फोटो मोठा करायच्या यंत्राची पत्र्याची चौकट आठ पूर्णांक दोन दशांशाचीच होती. माझी निगेटिव्ह तिच्यात बसवली ती एका बाजूला सरकून. अर्धा सेंटीमीटर पत्र्याखाली दबला. आता अर्ध्या सेंटीमीटरात असं काय मावतं? अहो, माझ्या निगेटिव्हवर एक उभं माणूस मावतं! फोटोत सगळं घर आलं आणि चतुराबाईचं उरलं फक्त बांगड्या घातलेलं कोपर.

त्याची एक प्रत लासूरला गेली. चार दिवसांत निरोप आला, “सही घेतली न् कोपर ठेवलं. बरंय, दादा.”

काकासाहेबांना वाटलं, आपल्याच हातून ती कडेला सुटली. लाजेनं त्यांनी तोंड उघडलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही. लग्नाकार्याला ती यायची, परक्यासारखी जेवायची आणि जायची. भाऊबीजेला मात्र कधीच आली नाही. दर दिवाळीला काकासाहेब दुपारपर्यंत रस्त्याकडं बघत बसायचे. मग त्यांच्या बायकोनं, भागूबाईनं, मलाच धारेवर धरलं. “ह्या डबड्यानं माझी नणंद तोडली!” म्हणत तिनं मला चामड्याच्या पिशवीत घातलं आणि कपाटात कोंबलं. निगेटिव्हची पाकिटंही माझ्याच पिशवीत. माझा भाता कोपऱ्यांत तडकला, भिंगावर बुरशी चढली. पण त्याचं काही नाही. खरं काय ते माहीत असून घडी घालून गप पडायचं, ह्यासारखी सजा नाही, मित्रांनो. फार जीव जळायचा.

काकासाहेबांची नात तनुजा शहरात नोकरी करते. गेल्या उन्हाळ्यात गावी आली तेव्हा तिनं कपाट उपसलं आणि मी सापडलो. तिनं मला पुसलं. माझी चौकट केवढी ते बघायला एक निगेटिव्ह मोबाइलच्या पांढऱ्या उजेडावर धरली, पट्टी लावली. मग भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, पुन्हा निगेटिव्हकडं.

“आबा, हा फोटो ह्याच निगेटिव्हचा ना?”

“व्हय. का गं?”

“मग फोटोत नुसतं कोपर कसं? हितं तर आख्खी बाई उभी हाय!”

हा सूर्य आणि हा जयद्रथ! काकासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “चतुरा हाय ही. माझी चतुरा हाय गं,” म्हणत ते मटकन खाली बसले आणि पोरासारखे रडले. एवढ्या वर्षांची माझी कोंडी त्या क्षणी फुटली. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

तनुजानं क्रांती चौकातल्या दुकानात नवा फोटो करून घेतला. “चारी बाजूंची काळी कड दिसली पाहिजे. केसभर कापायचं नाय,” असं तिनं दुकानदाराला तीनतीनदा बजावलं. मग आजोबा, नात आणि मी लासूरला निघालो. वाटेत काकासाहेब मला मांडीवर घेऊन एकच विचारत होते. तिनं दारातूनच परत लावलं तर?

चतुराबाईनं पाणी दिलं आणि खांबाला टेकून उभी राहिली. काकासाहेबांनी फोटो पुढं केला. “चतुरा, मी तुला कापलं नव्हतं गं. ते स्टुडिओतल्या पत्र्यानं कापलं.” तनुजानं निगेटिव्हला पट्टी लावून सगळं समजावून सांगितलं.

तिनं फोटो हातात घेतला. मग म्हणाली, “जमीन मी राजीखुशीनं सोडली, दादा. तिचं मला कधी काय वाटलं नाय. पण सही झाली न् मी तुला नकोशी झाले, हे लई लागलं.” चतुराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि फोटो नाकापाशी नेला.

“अगं बया! डोळे मिटलेत की माझे!”

आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. खरंच मिटलेले होते. “ह्या झोपाळू थोबाडासाठी मी एवढी वर्सं रुसले व्हय?” म्हणत ती हसायला लागली, ती हसता हसता भावाच्या खांद्यावर रडलीच. निघताना तिनं दम भरला, “भाऊबीजेला येते. पाट मांडून ठेव.”

परतीच्या गाडीत काकासाहेब लासूर सुटायच्या आत घोरायला लागले.

तर मित्रांनो, घरात माझ्यासारखा कुणी म्हातारा पडला असेल तर त्याला भंगारात देऊ नका. निगेटिव्ह टाकू नका, फोटोत नसलेलं माणूस तिच्यात सापडतं. आणि कुणी आपल्याला कापलं असं वाटलं, तर रुसून बसण्याआधी त्याला विचारा. एका वाक्याचं काम होतं हो ते. मला तेव्हा तोंड नव्हतं. त्या दोघांना होतं.