घरात कोण कोण असतं

केमिस्टच्या तोंडात एक वाक्य कायमचं मुक्कामाला होतं: जेवणानंतर घ्या, उन्हात ठेवू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिऱ्हाईक पिशवी उचलता उचलता मान डोलवायचं आणि दाराबाहेर पडेपर्यंत सगळं विसरायचं. केमिस्टला याचा भयंकर राग यायचा. लोक ऐकत नाहीत, नुसत्या माना हलवतात, असं तो घरी येऊन बायकोला सांगायचा, आणि बायको भाजी चिरता चिरता मान हलवायची.

एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी चोर आला. चाकू दाखवून त्याने गल्ला रिकामा केला, आणि निघताना खोकल्याची एक बाटलीही मागून घेतली, कारण त्याला खरोखरच खोकला झाला होता. केमिस्टचे दोन्ही हात वर होते. तशा अवस्थेत त्याच्या तोंडून निघून गेलं, "जेवणानंतर दोन चमचे." चोरानेही मान डोलावली आणि तो गेला.

ही गोष्ट केमिस्टने स्वतःच रागाच्या भरात दोघातिघांना सांगितली आणि मग ती गल्लीभर झाली. सलूनवाला तर गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून 'जेवणानंतर दोन चमचे' म्हणायला लागला. चोरी केमिस्टने पचवली असती, हसं पचेना. त्याने परवान्यासाठी अर्ज केला, हेलपाटे घातले, आणि परवाना हातात पडला त्या दिवशी छाती पुढे काढून बंदुकांच्या दुकानात गेला.

त्या दुकानामागे एक लांबट खोली होती, तिच्या टोकाला मातीचा बांध आणि कागदी लक्ष्यं. नव्या लोकांना शिकवायला तिथे एक बाई होत्या. आधी त्या शाळेत खेळ शिकवायच्या. शिट्टी अजून गळ्यात होती आणि समोरचा माणूस कितीही टकल्या असला तरी त्याच्याशी त्या सातवीच्या वर्गाशी बोलावं तशाच बोलायच्या. पिस्तुलात गोळी नाही असं वाटलं तरी आहे असंच धरून चालायचं. नळी कुणाच्या दिशेने वळवायची नाही, गमतीतसुद्धा. गोळी झाडायची हे पक्कं ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही, बाजूला सरळ ठेवायचं. रिकामं करताना आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पट्टी, काढायचं, मग वरचा भाग मागे ओढून आत बघायचं, बोट घालून चाचपायचं. कारण क्रम चुकला तर एक गोळी आतच राहते, आणि 'रिकाम्या' पिस्तुलाने माणसं दगावतात ती त्या एका गोळीने. पिस्तूल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. आणि शेवटचं म्हणजे, गल्लीला सांगू नका, घराला सांगा.

केमिस्ट मान डोलवत होता.

बाई बोलायच्या थांबल्या. त्याच्याकडे जरा बघत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"मी आणि बायको," केमिस्ट म्हणाला.

"मनाने खचलेलं, आजारी, सारखं झोप उडालेलं असं कोणी? लाजू नका, सगळ्यांना विचारते. तसं कोणी असेल तर वस्तू घरी न्यायचीच नाही. इथे आमच्या तिजोरीत ठेवायची. सरावाला यायचं आणि रिकाम्या हाताने घरी जायचं."

"नाही, नाही. आमचं घर एकदम शांत आहे."

आता खरं सांगायचं तर त्या घरात तिघं राहायची. तिसरा केमिस्टचा धाकटा भाऊ. सुतार होता, हात असा की त्याने बनवलेल्या खुर्चीवरून लोकांना उठवत नसे. पण गेल्या वर्षी धंदा बसला, संसार मोडला, आणि एक दिवस धाकट्याने जगण्यावर पाणी सोडलं. वेळेवर हाती लागला म्हणून वाचला. केमिस्ट त्याला हॉस्पिटलमधून थेट आपल्या घरी घेऊन आला आणि त्याच संध्याकाळी त्याने घरातली औषधाच्या गोळ्यांची एकूण एक पाकिटं उचलून दुकानात नेली. तेव्हापासून त्या घरात कुणाचं डोकं दुखलं तरी गोळी दुकानातून एक-एक यायची. इतकं ज्याला कळत होतं, त्याला बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर देता आलं नाही. अशा वेळी या माणसाला खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. भाऊ आता बरा आहे, डॉक्टरकडे जातो, हसतो, हे त्याने मनाशी म्हटलं. परक्या बाईपुढे घरातलं कशाला काढायचं, हेही म्हटलं. आणि औषधं वेगळी, पिस्तूल वेगळं. पिस्तूल चोरासाठी होतं, ते घरातल्या कुणाकडे वळू शकतं हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. किंवा शिरत होतं आणि त्याने दार लावून घेतलं.

पिस्तूल आपल्या दुकानात ठेवावं, तर चोराने दुकान आधीच पाहून ठेवलेलं. उद्या तो पिस्तूलच घेऊन जायचा. म्हणून लोखंडी पेटीत घालून ते घरी आलं, आणि चोराचा बंदोबस्त चोर जिथे कधी आलाच नव्हता तिथे झाला. गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवायच्या हेही राहिलंच, त्याच पेटीत गेल्या. झोपायच्या खोलीतल्या कपाटात वरच्या कप्प्यात पेटी बसली. दुकानाची कागदपत्रं आहेत, असं त्याने बायकोला आणि भावाला सांगितलं. सलूनवाल्याला मात्र दुसऱ्याच दिवशी जाऊन खरं सांगून आला, कारण त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

आणि इथून केमिस्टच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

पहिली घालमेल चावीची. आधी ती त्याने बुटात ठेवली. मग वाटलं, बूट कुणी पॉलिशला काढले तर? मग आरशामागे. आरसा पुसायला कोणी उचलला तर? मग चहाच्या डब्यामागे, मग पुन्हा बुटात. खिशात ठेवून दुकानात न्यावी तर खिसा दर घटकेला चाचपावा लागायचा, आणि गिऱ्हाइकांना वाटायचं याला काहीतरी चावतंय. दुकानात उभा असताना त्याच्या डोळ्यांपुढे पेटी यायची. काल पिस्तूल पुसायला काढलं होतं, तेव्हा आधी मॅगझिन काढलं की आधी वरचा भाग ओढला? आत बोट घातलं होतं का? घातलं होतं, नक्की घातलं होतं. की ते परवा? दुपारी काहीतरी निमित्त काढून तो घरी फोन करायचा. धाकटा उचलायचा. काय करतोस, असं केमिस्ट विचारायचा. काही नाही, बसलोय, असं धाकटा म्हणायचा. मग दोघंही फोन ठेवून द्यायचे.

त्या घरातलं बोलणंच कमी होत चाललं. बायको पोस्टात काउंटरवर बसायची, संध्याकाळी थकून यायची. तुमचं चित्त कुठे असतं हल्ली, असं तिने दोन-तीनदा विचारून पाहिलं. दुकानाचे ताप, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली. तिला सांगितलं तर ती काय म्हणेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर सांगत नव्हता. धाकटाही उतरल्यासारखा दिसत होता. मध्यंतरी शेजाऱ्यांची स्टुलं, पाट दुरुस्त करायला लागला होता, ते बंद झालं. जेवताना हात थांबायचा. केमिस्टला ते दिसत होतं. हवा बदलली की असं होतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि चावी आरशामागून काढून पुन्हा डब्यामागे ठेवली.

एक दिवस भर दुपारी एका म्हातारीला त्याने डोळ्यांच्या थेंबांऐवजी कानाचे थेंब दिले. ती दारापर्यंत गेली आणि त्याच्या लक्षात आलं. धावत जाऊन त्याने बाटली बदलून घेतली. इतक्या वर्षांत अशी चूक झाली नव्हती. आणि त्याच घाबरण्यात त्याला आठवलं की आज सकाळी घाईत चावी डब्यामागे ठेवलीच नाही. ओट्यावर राहिली. उघड्यावर.

त्याने घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही.

केमिस्टने शटर अर्धंच ओढलं, कुलूप न लावता तो सुटला. रिक्षा मिळेना म्हणून धावला. धाप लागली, कुशीत कळ आली, तरी थांबला नाही. सलूनवाला दारात उभा होता, काहीतरी गमतीने ओरडला, ते त्याला ऐकूही आलं नाही. देवा, एवढं एकदा, एवढं एकदाच, असं तो म्हणत होता. दार उघडताना स्वतःच्या घराची किल्ली भोकात जाईना.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. ओट्यावर चावी नव्हती.

झोपायच्या खोलीत कपाटासमोर धाकटा स्टूल घेऊन बसला होता. कपाट बंद. त्याची मूठ मांडीवर, घट्ट आवळलेली. दादा आलेला पाहून तो दचकला नाही. त्याने मूठ उघडली आणि चावी पुढे केली.

"उघडलं नाही," तो म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो. फोन वाजत होता, पण इथून उठलो तर पुन्हा इथेच येऊन काय करीन ते कळेना."

केमिस्ट खाली जमिनीवरच बसला.

"हे कपाट मी बनवलंय, दादा. वरचा कप्पा कपड्यांच्या वजनाचा. दार घासायला लागलं तेव्हाच कळलं, आत काहीतरी जड आलंय. कागदांनी फळी वाकत नाही." धाकटा सावकाश बोलत होता, प्रत्येक शब्द तपासून घेत. "मग सलूनवाल्याने मला विचारलं, दादाचं पिस्तूल कसं चालतंय. तेव्हापासून मी रोज दुपारी इथे येऊन बसतो. तू चावीची जागा बदलतोस, मला दर वेळी कळतं. नको म्हटलं तरी नजर जाते. काल डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, आजच भावाला सांग. रात्री तीनदा तुझ्या दाराशी आलो. तू एवढ्या हौसेने घेतलंस, कसं सांगू म्हणून परत गेलो."

"हौसेने," केमिस्ट म्हणाला आणि रडायला लागला. धाकट्याने स्टूल सोडलं आणि तोही खाली, दादाशेजारी बसला. अशी दोघं लहानपणी बसायची, मार खाल्ल्यावर.

बायकोला फोन करून बोलावून घेतलं. तिने उभ्या उभ्या सगळं ऐकलं. आरडाओरडा केला नाही, त्यापेक्षा केला असता तर बरं, असं केमिस्टला वाटलं. "मला विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते," ती म्हणाली. "म्हणूनच विचारलं नाहीत." मग तिने धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चला भावजी, मीही येते." केमिस्टने पेटी पिशवीत घातली. बंदच ठेवली, उघडायची त्याची हिंमत नव्हती. रिक्षात धाकटा वहिनीच्या बाजूला बसला आणि पिशवी केमिस्टने स्वतःच्या पायाशी धरून ठेवली.

बंदुकांच्या दुकानात बाईंनी पेटी उघडली. आधी मॅगझिन काढलं. मग वरचा भाग मागे ओढला, आणि आतून एक गोळी टपकन उडून टेबलावर पडली, घरंगळली. पुसताना क्रम चुकलाच होता. बाईंनी ती उचलून बाजूला ठेवली, आत बघितलं, बोट घालून पाहिलं आणि केमिस्टलाही बघायला लावलं. रागावल्या नाहीत. वस्तू तिजोरीत ठेवून घ्यायची तर काही गोष्टी त्या नव्याने विचारायच्या, तशा विचारत गेल्या.

"घरात कोण कोण असतं?"

केमिस्टने तोंड उघडलं. "मी," तो म्हणाला, "बायको," आणि धाकट्याकडे बघायला लागला.

"आणि मी," धाकटा म्हणाला. "मी असतो. दिवसभर घरीच असतो. गेल्या वर्षी मी मरायला निघालो होतो."

बाईंनी मान डोलावली नाही. त्याच्याकडे नीट बघत त्यांनी ऐकलं आणि सांगितलंत ते फार बरं केलंत, असं म्हणाल्या. मग केमिस्टकडे वळल्या, कारण उत्तर त्याच्याकडूनच यायचं होतं.

"तिघं," केमिस्ट म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने पुन्हा एकदा, नीट सांगितलं. "आम्ही तिघं असतो."