आधी दांडी खाली!

मी बोलतोय. बोलतोय म्हणजे पीं पीं करतोय, पण कळणाऱ्याला तेवढं पुरतं. असं कळणारं माणूस भेटेपर्यंत माझा जीव मात्र मेटाकुटीला आला.

मी रिमोटवर उडणाऱ्या विमानातला स्पीड कंट्रोलर. काडेपेटीएवढा. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला मोटर, मधे मी. रिमोटची दांडी वर गेली की मोटरला जास्त वीज सोडायची, खाली आली की तोडायची. एसटीच्या कंडक्टरसारखं समजा, मी बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. माझा नियमही एकच. बॅटरी जोडताना दांडी पार तळाला हवी. नसेल तर मी ओरडत बसेन, पण मोटर फिरवणार नाही. उगाच कुणाची बोटं जायला नकोत. यात माझं काही चुकतं का?

त्यात मला स्वतःचं तोंड नाही. मोटरच्या तारा थरथरवून मी आवाज काढतो. म्हणजे बोलायचं तेही दुसऱ्याच्या घशातून!

कारखान्यातून निघून मी पुण्यात प्रवीणकडे आलो. त्यानं हौसेनं विमान बांधलं, काही रविवार उडवलं आणि मग कपाटावर टाकलं. दिवाळीला देवळाली प्रवऱ्याला येताना त्यानं ते विमान, मोटरच्या तारा सोडून आणि नवा रिमोट देऊन, चुलत्यांना देऊन टाकलं. "नाना, घ्या, खेळा." खेळण्यांचं असंच असतं, मन भरलं की गावाकडं.

नाना म्हणजे कानिफनाथ. उभा जन्म साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवला. त्यांना खेळायचं नव्हतं. त्यांच्या डोक्यात ज्वारी होती.

इथल्या शिवारात जिकडं बघाल तिकडं ऊस. मधे ज्वारीचं वावर एकट्या नानांचं, कारण त्यांच्या बायकोला, भागिरथीकाकींना, भाकरी घरच्याच ज्वारीची लागते. त्यामुळे थंडीत भोरड्या, म्हणजे दाण्यावर पडणारी पाखरं, आली की झाडून साऱ्या थव्यांना ही एकच खानावळ. काकी दरवर्षी वावरातल्या माळ्यावर, मचाणावर, उभ्या राहून गोफण फिरवत. यंदा मात्र त्यांचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. वेणी घालायची तरी शेजारच्या रंगुबाईंना हाक मारावी लागे. डॉक्टरांनी बजावलं, गोफण फिरवाल तर हात कामातून जाईल.

खरं तर काकी कधीपासून सांगत होत्या, खांदा दुखतोय. नाना मलमाची ट्यूब आणून देत आणि म्हणत, "जरा जोर लावून काम कर, मोकळा हुईल." डॉक्टरांनी त्यांना चारचौघांत झापलं, तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला लागलं.

"ज्वारीत दाना भरायच्या आत हे इमान उडिवतो," ते म्हणाले. "तू गोफन हातात धरायची न्हाई."

"आन् न्हाई उडालं तर?"

"उडंल!"

"न्हाई उडालं तर मी हायेच," काकी म्हणाल्या आणि गोफण खुंटीला अडकवली. हाताशी येईल अशी.

झालं. ओट्यावर आमचा कारभार सुरू झाला. नानांनी मोटरच्या तिन्ही तारा अंदाजानं मला जोडल्या, रिमोट हातात घेतला, दांडी अर्ध्यावर ढकलली आणि बॅटरी जोडली. मी लगेच पीं पीं पीं.

"चालू का हुईना?" म्हणत नानांनी दांडी आणखी थोडी वर केली. अहो, ट्रॅक्टरची सवय! थोडी रेस दिल्याशिवाय इंजिन उठत नाही, हे त्यांच्या रक्तातच मुरलेलं. मी ओरडलो की ते रेस वाढवत, रेस वाढली की मी आणखी ओरडत असे. मग त्यांनी मला हलवलं, फुंकर मारली, वास घेतला, वाहत्या पाटाजवळ नेऊन गार हवा दाखवली. रंगुबाईंनी तर लिंबू उतरवून टाकलं. ते लिंबू मोटरखाली घरंगळत आलं. माझी काय अवस्था झाली असेल!

शेवटी प्रवीणला व्हिडिओ कॉल लावला.

"नाना, दांडी पूर्ण खाली घ्या, मग बॅटरी जोडा."

"आरं, खाली घेतल्यावर चालू कसं व्हईल?"

"नाना, घ्या तर खाली!"

इतक्यात काकी मधे पडल्या. "थांबा. आधी ते मोटरवरचं पातं काढा."

"आता पातं कशाला काढायचं?"

"माज्या भावाचं बोट कडबाकुट्टीत गेलं तवा तुमीच दवाखान्यात नेलं हुतं ना? काढा म्हनते ना!"

नानांनी कुरकुरत पान्यानं पातं काढून त्यांच्या हातात दिलं. मग विमानाचं नाक धरून ते मांडीवर घेतलं, दांडी खाली घेतली, बॅटरी जोडली.

आता ऐका माझी फजिती. त्या नव्या रिमोटमधली दांडीची दिशाच उलटी लागलेली होती. तिची दिशा मला दिसत नाही, रिमोट कळवतो तेवढंच कळतं. दांडी खाली आणि निरोप आला, "फुल्ल वर!" मी पीं पीं केलं. प्रवीणला नेटवर्कमधून धड ऐकू गेलं नाही. नानांनी वैतागून दांडी पार वर ढकलली. मला निरोप आला, "तळाला." मी नियमाचा पक्का. लांब पीं करून तयार झालो.

"बघ! म्हनलं न्हवतं? रेस दिल्याबिगर चालू हुत न्हाई!" नानांची कॉलर ताठ झाली. आणि विमान शांत ठेवावं म्हणून त्यांनी दांडी निवांत खाली ओढली.

मोटर किंचाळली. विमान मांडीवर थरथरलं. नाना घाबरून दांडी आणखी खाली दाबू लागले.

"वर करा नाना, वर!"

"मघाशी खाली म्हनत हुतास, आता वर म्हनतोस! तुझं एक काय ते ठरव!"

काकींनी डाव्या हातानं बॅटरीची वायर उपटली. सगळं गप्प झालं. नानांचं बोट मोटरच्या फिरत्या दांड्यापासून सूतभर लांब होतं. पातं काकींच्या पदरात होतं. नानांनी ते पातं हातात घेऊन त्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"भागे," ते म्हणाले, "तू म्हनलीस म्हनून काढलं बघ."

मग प्रवीणनं रिमोटमधली दिशा सरळ करायला सांगितली. मग मला हद्दी शिकवायला, तेवढ्या एका वेळेपुरती, दांडी वर ठेवून बॅटरी जोडली, मी पीं पीं म्हटल्यावर खाली घेतली. वरची हद्द कुठली, तळाची कुठली, मला एकदाचं कळलं. पातं बसवून चालवलं, तर विमान मागं सरकायला लागलं.

"बोअरची मोटर आशीच उलटी फिरली हुती," काकी म्हणाल्या. "तीनातल्या कुटल्याबी दोन वायरी बदला."

बदलल्या. सुटलो!

उडवायला आधी नानाच उभे राहिले. दांडी सरळ फुल्ल. विमान उभंच्या उभं वर, तिथून शेजाऱ्याच्या उसात. पुन्हा फुल्ल, पुन्हा उसात. ऊस होता म्हणून हाडं शाबूत राहिली, नाहीतर केव्हाच राम म्हटलं असतं. शेवटी काकींनी रिमोट मागितला. त्याला खांदा कुठं लागतो? अंगठे पुरतात. पहिले काही दिवस त्यांनीही उसात घातलं, खोटं कशाला सांगू? पण त्या माझं ऐकायच्या. बॅटरी उतरली की मी मोटरला आचके देतो. नाना म्हणत, "रेस दे, रेस!" काकी म्हणत, "दमलंय ते. घरी आनते."

ज्वारीत दाणा भरला आणि भोरड्या आल्या, आभाळ काळं करत. नाना धावत जाऊन विमान हातानं सोडायचे, काकी बाजेवर बसून ते थव्यावर घालायच्या. भोरड्या उठायच्या, वळायच्या, पुन्हा यायच्या. थोडं त्यांनी खाल्लंच. पण गोफण खुंटीवरच राहिली. रोज बॅटरी जोडण्याआधी काकी दरडावायच्या, "आधी दांडी खाली!" आणि नाना निमूट म्हणायचे, "खाली हाय."

परवा ज्वारी काढून झाली. मी विमानासकट ओट्यावर पडलो होतो, नाना माझी बॅटरी काढत होते. काकी पाण्याची कळशी उचलून आत निघाल्या आणि अगदी हळू, स्वतःशीच, "आई गं" म्हणाल्या.

मला ऐकू आलं. बारीक आवाज मला लगेच कळतो. मला वाटलं, आता नाना म्हणणार, जरा जोर लाव.

नानांचे हात थांबले. ते उठले, कळशी त्यांच्या हातून घेतली आणि म्हणाले, "दांडी खाली, भागे. बस जरा."

काकी हसल्या. मग हसता हसता पदरानं डोळे पुसत बाजेवर बसल्या.

आता पुढच्या थंडीपर्यंत मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला. बॅटरी काढली आहे, म्हणजे माझा आवाज बंद. जाता जाता एवढंच सांगतो, तुमच्याही घरात कुणीतरी बारीक आवाजात कधीपासून काहीतरी सांगत असेल. लगेच रेस वाढवू नका. आधी दांडी खाली घ्या.